फी भरण्याआधी यादी पाहा



या आठवड्यात खरं तर पावसाळ्यात कडधान्यांना कीड लागू नये म्हणून काय करावं, ते लिहायचं ठरवलं होतं. निम्मं लिहूनही झालं होतं. पण टपालात जाफ्राबाद तालुक्यातल्या एका भगिनीचं पत्र आलं आणि मूग-मटकी बाजूला राहिली. पत्र वहीच्या पानावर, घाईनं लिहिलेलं. त्यातला मुख्य भाग तिच्याच शब्दांत देते.

"ताईंना नमस्कार. माझी लेक यंदा बारावी सायन्स पास झाली. बायलॉजी होतं. नीटचा पेपर दिला, पण मार्क कमी पडले. तिला दवाखान्याच्या लाइनीतच जायचं आहे. एक ओळखीचा माणूस म्हणतो, एक वर्षाचा नर्सिंग डिप्लोमा करून देतो, रोज जायचीही गरज नाही, परीक्षा सोपी असते, नोकरी पक्की. चाळीस हजार शनिवारपर्यंत द्या म्हणतो, दोनच सीटा राहिल्या. मोबाइलवर कॉलेजची वेबसाइट दाखवली, बिल्डिंग लई मोठी आहे. मालक म्हणतात, यंदा कुठं जमलं नाही तर दिवाळीनंतर स्थळ बघू. माझ्याकडं माहेरची पोत आहे. मोडू का? कोणाला विचारावं, काही समजंना."

पत्राखाली फोन नंबर होता. उत्तर छापून तुमच्या हाती पडेपर्यंत शनिवार उलटून गेला असता, म्हणून त्याच दुपारी फोन लावला आणि पहिलं वाक्य सांगितलं ते हेच, की बाई, पोत मोडू नका. पुढचं सगळं इथे लिहिते आहे, कारण मंठ्याहून आणि परतूरहूनही अशाच अर्थाची पत्रं मागच्या दोन महिन्यांत आली आहेत. मुली शिकताहेत, मोबाइल घरोघरी आहे, माहितीचा तर पूर आहे. आणि तरीही आई विचारते ती ओळखीच्या माणसालाच.

पहिली गोष्ट त्या 'एक वर्षाच्या डिप्लोमा'ची. बारावी झालेल्या मुलीला एका वर्षात नर्स करून देणारा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम नाही. नर्स म्हणून नोंदणी मिळवून देणारे रस्ते तीनच. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा. पहिल्या दोहोंना बारावीची कोणतीही शाखा चालते, बी.एस्सी.ला मात्र फिजिक्स, केमिस्ट्री, बायलॉजी आणि इंग्रजी लागतं. वय सतरा पूर्ण हवं. एक वर्षाचे डिप्लोमा नर्सिंगमध्ये आहेत, नाही असं नाही. पण ते आधीच नर्स झालेल्या बायकांना एखाद्या विशेष शाखेत पुढे शिकण्यासाठी असतात. काही महिन्यांचे रुग्णसेवक किंवा मदतनिसाचे वर्ग असतात, त्यातले काही सरकारी कौशल्य योजनेतलेही असतात, प्रामाणिकही असतात. पण ते करून मुलगी मदतनीस होते, सिस्टर होत नाही. आणि वर्गात न जाता, वॉर्डात हात न लावता नर्सिंग शिकवतो म्हणणाऱ्याला तर मी दारातूनच पाणी देऊन परत पाठवीन. इंजेक्शन काय पोस्टानं शिकायचं?

हे मी एवढ्या ठामपणे लिहिते आहे त्याला कारण आहे, आणि ते सांगायला मला आनंद होत नाही.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, माझी भाची. वीसेक वर्षं झाली. तिलाही असंच सिस्टर व्हायचं होतं. वर्तमानपत्रातली जाहिरात मीच कात्रीनं कापून ठेवली होती, बहिणीला मीच फोन केला होता, 'अगं, घराजवळ आहे, फीही बेताची आहे, घालून टाक.' कॉलेज म्हणजे दोन खोल्या. खाली पिठाची गिरणी. तेव्हा मला वाटलं, असेना का, सुरुवात अशीच असते. मुलीनं मन लावून अभ्यास केला. सर्टिफिकेट मिळालं, त्याला फ्रेम झाली, दिवाणखान्यात लागलं. मग जिल्हा परिषदेची भरती निघाली. फॉर्ममध्ये एक रकाना होता, 'महाराष्ट्र परिचर्या परिषद नोंदणी क्रमांक'. तो तिच्याकडे नव्हता. मिळण्यासारखाही नव्हता, कारण त्या संस्थेचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. आज ती एका खाजगी दवाखान्यात आहे. रुग्ण तिला सिस्टर म्हणतात, डॉक्टरही म्हणतात. नव्या आलेल्या नोंदणीकृत मुलींना सलाइन लावायला तीच शिकवते. सहा महिन्यांनी त्या मुली तिच्या वरच्या पगारावर जातात. माझ्याशी ती अगदी नीट बोलते. एकदाही बोलून दाखवलेलं नाही. फ्रेम मात्र भिंतीवरून उतरलेली आहे.

तेव्हा यादी पाहायची सोय माझ्यासारखीला नव्हती. मुंबईला पत्र लिहून विचारता आलं असतं, ते सुचलं नाही. आता ती यादी पदरात बांधलेल्या मोबाइलमध्ये आहे, आणि तरी आपण बिल्डिंगचा फोटो पाहून भुलायचं, याला काय म्हणावं!

तर यादी कशी पाहायची? संस्थेचं पूर्ण नाव, गाव आणि पत्ता आधी कागदावर लिहून घ्या. 'ओळखीच्या माणसा'ला विचारा, बी.एस्सी. असेल तर महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता आहे का? हे विद्यापीठ नाशिकला आहे, १९९८ साली स्थापन झालं. राज्यातल्या अभिमत विद्यापीठांची महाविद्यालयं वगळली, तर डॉक्टर, दंतवैद्य, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग, फिजिओथेरपी या सगळ्यांच्या पदव्या तिथूनच येतात. त्याच्या संकेतस्थळावर संलग्न महाविद्यालयांची नावं अभ्यासक्रमानुसार दिलेली आहेत. एएनएम, जीएनएम असेल तर महाराष्ट्र परिचर्या परिषद आणि राज्याचं शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ ही दोन नावं लक्षात ठेवा. तुमच्या कागदावरचं नाव आणि यादीतलं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. गावही जुळलं पाहिजे. आमच्या जाफ्राबादच्या भगिनीच्या बाबतीत काय झालं, सांगते. शेजारच्या मुलीला बोलावून आम्ही दोघींनी यादी उघडली. त्या संस्थेचं नाव नव्हतंच. पण अगदी तसंच, एकच शब्द वेगळा असलेलं नाव होतं, ते दुसऱ्याच जिल्ह्यातलं. फोटोतली मोठी बिल्डिंग बहुधा तिथलीच.

यादीत नाव सापडलं तरी एक फेरी प्रत्यक्ष मारा. नर्सिंगची शाळा रुग्णालयाशिवाय चालत नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत संस्थेशी जोडलेलं किमान १०० खाटांचं रुग्णालय धरलेलं आहे. तेव्हा सरळ विचारावं, "तुमच्या मुली कुठल्या दवाखान्यात ड्यूटीला जातात?" मग त्या दवाखान्यात जाऊन बाकड्यावर अर्धा तास बसावं. गणवेशातल्या विद्यार्थिनी दिसतात का, खाटांवर रुग्ण आहेत का, की नुसत्याच गाद्या घातल्यात, हे कळायला कुणाची चिठ्ठी लागत नाही. तिथल्याच एखाद्या मुलीला चहाच्या टपरीवर गाठून विचारा, शिकवायला येतात का, परीक्षेचे वेगळे पैसे मागतात का. स्थळ पाहायला जाताना आपण शेजारीपाजारी चौकशी करतो की नाही? तितकी तरी करा.

आता संकेतस्थळांचं. पुष्कळ जणी म्हणतात, 'ताई, गुगलवर पहिलं आलं तेच उघडलं.' पहिलं येतं ते बऱ्याचदा जाहिरातीचं असतं. बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही असतं. पत्त्याच्या शेपटीकडे पाहायची सवय लावा. 'गव्ह डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' असं शेवट असलेलं संकेतस्थळ सरकारी. नीटची परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय परीक्षा संस्थेचं नीटचं स्थळ 'एनआयसी डॉट इन'चंच आहे. विद्यापीठाचं 'एसी डॉट इन'. पण एवढ्यावर थांबून चालत नाही, कारण आपल्या राज्याच्या सीईटी कक्षाचा पत्ता 'महासीईटी डॉट ओआरजी' असा आहे, आणि 'ओआरजी' कुणीही घेऊ शकतो. मग खरं-खोटं कसं ओळखायचं? अशा वेळी सरकारी स्थळावरच्या दुव्यावरून आत जावं. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी धाडलेल्या निळ्या ओळीवर बोट ठेवून नव्हे. ते जमलं नाही तर मुलीच्या कनिष्ठ महाविद्यालयातल्या सरांकडून पत्ता वहीत लिहून आणावा. आणि एकदा खरा पत्ता सापडला, की तो मोबाइलमध्ये खूण करून ठेवावा. पुन्हा पुन्हा शोधत बसू नये.

दुसरी खबरदारी सालाची. माहितीला साल विचारा! आपल्याकडे मामा-काका सांगतात ते मनापासून सांगतात, पण ते त्यांच्या वेळचं असतं. परवाच एक गृहस्थ मला सांगत होते, "मराठवाड्यातल्या मेडिकल कॉलेजात सत्तर टक्के जागा आपल्याच मुलांना असतात, काळजी कशाला?" होत्या. विभागाच्या मुलांना ७० आणि बाहेरच्यांना ३० टक्के, असा तो नियम होता. २०२० साली तो रद्द झाला. आता राज्याच्या वाट्याच्या जागा राज्याच्या एकाच गुणवत्ता यादीतून भरतात, आणि सरकारी महाविद्यालयातल्या १५ टक्के जागा देशभरच्या मुलांसाठी असतात. मोबाइलवरचे व्हिडिओही तसेच. बोलणारा मुलगा गोड बोलतो, पण दोन वर्षांपूर्वीचं बोलतो. ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्याच वर्षीची माहितीपुस्तिका उतरवून घ्यावी, तिची झेरॉक्स काढावी आणि पेन्सिलीनं खुणा करीत वाचावी. लांबलचक असते, कंटाळवाणी असते, मान्य. दिवाळीच्या चिवड्यातले खडे निवडायला आपण बसतोच ना!

हे सगळं लिहिताना मला राहून राहून आनंदीबाई जोशींची आठवण येते. त्यांच्या अमेरिकेच्या शिक्षणाची सुरुवात कशी झाली, ठाऊक आहे? गोपाळरावांनी कोल्हापुरात असताना एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं होतं, बायकोला शिकवायचं आहे, मार्ग सांगा म्हणून. तो पत्रव्यवहार तिकडच्या एका मिशनरी मासिकात छापला गेला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई १८८० साली दंतवैद्याकडे आपली पाळी येईपर्यंत बसल्या होत्या, तिथे पडलेला अंक त्यांनी चाळला, आणि त्यांनी आनंदीबाईंना पत्र धाडलं. मदत मिळेल, पण धर्म बदला, असाच त्या मासिकवाल्यांचा सूर होता. कार्पेंटरबाईंनी मात्र तसली अट घातली नाही. बोटीनं पत्रं जात-येत राहिली. १८८३ साली आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या आणि १८८६ साली डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. दाढदुखीच्या निमित्तानं उघडलेल्या एका अंकावर केवढी गोष्ट अवलंबून होती पहा. त्यांना माहिती मिळत नव्हती. आपल्या लेकींना नको इतकी मिळते, आणि मदतीला येणाऱ्याची अट काय आहे, हे मात्र अजूनही आपल्यालाच ओळखावं लागतं.

आता नर्सिंगखेरीज आणखी काय, असंही पुष्कळ जणी विचारतात. आपल्याकडे दवाखाना म्हटलं की डॉक्टर आणि सिस्टर, दोनच माणसं दिसतात. पुढच्या वेळी घाटीत कुणाला भेटायला गेलात, तर जरा निरखून पाहा. (नाव काहीही असो, आम्हा जालनेकरांना ती घाटीच! औरंगाबादचं, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचं हे वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली सुरू झालं.) रक्त तपासणारी कोण, एक्स-रे काढणारा कोण, ऑपरेशनच्या खोलीत हत्यारं मांडणारी कोण, भूल देणाऱ्या डॉक्टरांशेजारी उभी असते ती कोण? ही सगळी शिकलेली माणसं. यासाठी आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा 'बॅचलर ऑफ पॅरामेडिकल टेक्नॉलॉजी' नावाचा अभ्यासक्रम आहे, तीन वर्षांचा, आणि वर एक वर्ष उमेदवारी. बारावीला बायलॉजी असलेल्या मुलींना हा चांगला, आणि आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नसलेला. जालन्यातल्या श्री गणपती नेत्रालयात खेड्यापाड्यांतून माणसं डोळे दाखवायला येतात. डोळ्यांच्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात गेलात तर डॉक्टरांच्या आधी नंबर काढणारी, डोळ्यातला दाब मोजणारी मुलगी भेटते. तेही एक शिक्षणच आहे. औषधांच्या दुकानासाठी डी.फार्म. दोन वर्षांचं, बी.फार्म. चार वर्षांचं, त्या संस्थांची यादी भारतीय औषधनिर्माण परिषदेकडे. फिजिओथेरपीला आपल्या राज्यात नीटचे गुण लागतात. म्हणजे डॉक्टरकीसाठी कमी पडलेले नीटचे गुण अगदीच वाया गेले असं समजू नका.

एक सावधगिरी इथेही सांगते. लॅबोरेटरीच्या नावाखाली जितकी दुकानं निघाली आहेत तितकी नर्सिंगमध्येही नसतील. 'दिल्लीची मान्यता', 'आंतरराष्ट्रीय मान्यता' असले शब्द आले, की विचारायचं, महाराष्ट्रात नोंदणी होईल का? संबद्ध आरोग्य व्यावसायिकांसाठी केंद्राचा वेगळा कायदा २०२१ साली झाला आहे, त्यामुळे नोंदणीचं महत्त्व वाढतच जाणार.

आपला जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. जालन्याचं स्वतःचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय व्हायला त्यानंतर त्रेचाळीस वर्षं लागली. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा नव्या महाविद्यालयांबरोबर त्याचंही उद्घाटन झालं, १०० जागांचं. मधल्या काळात आपली बाळंतपणं, अपघात, सर्पदंश, सगळं घेऊन आपण संभाजीनगरची वाट धरत आलो. वैद्यकीय महाविद्यालय आलं म्हणजे नुसते डॉक्टर येत नाहीत, त्यांच्यामागे परिचारिका, तंत्रज्ञ, औषधनिर्माते लागतात. म्हणून म्हणते, जिल्ह्यातल्या मुलींनी हा विषय आत्ताच हाती घ्यावा.

पैशाचं बोलू. शासनानं जुलै २०२४ मध्ये निर्णय काढला. वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या, इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. २०२४-२५ पासून तो लागू झाला. पण यात मेख आहे. प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत फेरीतून झालेला हवा. 'मॅनेजमेंट कोट्या'तून, ओळखीनं, मागच्या दारानं घेतलेल्या जागेला माफी नाही. वसतिगृह आणि खानावळ त्यात धरलेली नाही, हेही आधीच हिशेबात घ्या. आपला अभ्यासक्रम बसतो की नाही, ते महाडीबीटीच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावं. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठीच्या शिष्यवृत्त्याही तिथेच आहेत. चाळीस हजार मोजून खोटी जागा विकत घ्यायची, आणि खरी जागा मात्र फी माफीत मिळत होती हे नंतर कळायचं, असा प्रकार घडलेला मी पाहिला आहे.

कागदांची तयारी दहावीच्या सुट्टीतच सुरू करावी. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, लागू असेल तर जातीचा दाखला आणि नॉन क्रीमी लेयर. जात पडताळणीला सगळ्यांत जास्त वेळ जातो. अकरावीतच अर्ज टाकावा, निकाल लागल्यावर नव्हे. आधार कार्डावरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव एकच आहे का, ते आजच पेटी उघडून पाहा. आपल्याकडे आईचं नाव एका कागदावर 'सुमनबाई', दुसऱ्यावर नुसतं 'सुमन' असतं, आणि त्या 'बाई'पायी लेकीचा फॉर्म अडतो.

फॉर्म भरायला सेवा केंद्रात किंवा कॅफेत जावं लागतं. भरणारा पोरगा घाईत असतो, बाहेर रांग असते, तो स्वतःचाच मोबाइल नंबर आणि ई-मेल टाकून मोकळा होतो. असं कधीही होऊ देऊ नका. परीक्षेचं पत्र, जागा मिळाल्याची सूचना, तो चार आकडी-सहा आकडी ओटीपी, सगळं त्याच नंबरावर येतं. बदनापूरकडच्या एका मुलीला दुसऱ्या फेरीत जागा लागली होती. निरोप कॅफेवाल्याच्या फोनवर आला, तो गावी गेला होता. मुदत संपली. म्हणून नंबर घरातला, आणि तो वर्षभर रिचार्ज केलेला. पासवर्ड वहीत लिहावा. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी तो हळदीच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला आहे, आणि तो त्या घरात आजवर हरवलेला नाही!

राहता राहिले मालक. फोनवर त्या भगिनीनं दबक्या आवाजात सांगितलं, "ते म्हणतात, सिस्टरकीत रात्रपाळी असते, लोक काय म्हणतील." मी म्हटलं, त्यांनाच द्या फोन. गृहस्थ भले निघाले, फक्त भ्यालेले. मोसंबीची बाग २०१२-१३ च्या दुष्काळात गेली, त्यानंतर पुन्हा उभी केली, कर्ज फिटतं न फिटतं तोच मुलीचं शिक्षण. मी त्यांना एवढंच विचारलं, "तुमच्या घरातलं शेवटचं बाळंतपण किती वाजता झालं?" ते म्हणाले, "पहाटे तीनला, टेंभुर्णीकडच्या दवाखान्यात." "तेव्हा तिथं कोण होतं?" थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सिस्टर होत्या. डॉक्टर नंतर आले." पुढे मी काही ताणलं नाही. गावात उपकेंद्राची आरोग्य सेविका येते ती एएनएम झालेलीच असते, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना वाटे, ती सरकारची कुणी कारकून आहे.

शेवटी मुलगीच फोनवर आली. तिचा प्रश्न तिच्या वयापेक्षा शहाणा होता. "मावशी, यंदा बी.एस्सी.ची सीईटी मी दिलीच नाही, मला ती असते हेच माहीत नव्हतं. आता जीएनएम घेतलं तर पुढं दार बंद होतं का?" नाही होत. जीएनएम झाल्यावर दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग करता येतो. एएनएम झालेल्या मुलीलाही पुढे जीएनएमला जाता येतं. राज्यात बी.एस्सी. नर्सिंगला नीट लागत नाही, त्याची सीईटी वेगळी असते. नीटच्या तयारीत गुंतलेल्या कितीतरी मुलींना तिचा पत्ताच नसतो आणि अर्जाची तारीख निघून जाते. तेव्हा तिच्यापुढे दोन वाटा होत्या. यंदा यादीतल्या संस्थेत जीएनएम, नाहीतर वर्षभर थांबून सीईटी. थांबायचं म्हटलं तर घरातल्या स्थळाच्या गोष्टी सुरू होतात, हे तिनं मला न बोलता कळवलं. तिनं जीएनएमचे अर्ज कसे भरायचे ते विचारून घेतलं, आणि संस्थेच्या नावापुढे खूण करायला एक तक्ता आखला. तीन संस्था यादीत सापडल्या आहेत. आई आणि ती मिळून दोन ठिकाणी दवाखाना पाहून आल्या; तिसरीकडे पुढच्या आठवड्यात जाणार आहेत.

परदेशाचं एक वाक्य, कारण भोकरदनहून तसं पत्र आहे. जर्मनीला नर्सेस हव्या आहेत हे खरं, २०२४ साली आपल्या राज्यानं तिथल्या एका प्रांताशी करारही केला आहे. पण तिथेही नोंदणीकृत नर्सच लागते आणि भाषा यावी लागते. पाठवतो म्हणणाऱ्या एजंटचं नाव केंद्राच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावरच्या नोंदणीकृत यादीत आहे का, ते आधी पाहायचं. पासपोर्ट कुणाच्याही हाती ठेवायला द्यायचा नाही.

त्या ओळखीच्या माणसाचं काय झालं, ते सांगायचं राहिलंच. शनिवारी त्यानं पैसे मागितले, मालकांनी यादीतलं पान दाखवून नाही म्हटलं. "मग सीट गेली, नंतर रडू नका," म्हणाला. सोमवारी सकाळी त्याचाच फोन, "एक सीट उरली आहे, तुम्ही घरचे, पंचवीसला देतो."

कडधान्यांचं पुढच्या अंकात लिहिते. तोवर ज्यांच्या मटकीला पोरकिडे दिसू लागलेत त्यांनी ती चाळून एक दिवस कडक उन्हात घालावी, ऊन पडलं तर! आणि घनसावंगीच्या ज्या भगिनींनी मोसंबीच्या सालीच्या लोणच्याचं प्रमाण मागितलं आहे, त्यांनी साल दोन दिवस मिठाच्या पाण्यात ठेवून कडवटपणा काढून ठेवावा; प्रमाणही पुढच्याच वेळी देते.